मेबल आपली आपण व्याली

लग्न होऊन मी डेसच्या घरी आले तेव्हा मला कुत्र्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्या माहेरी एक मांजर यायचं, तेही शेजाऱ्यांचं. डेसच्या घरी मात्र बुलडॉग होते. त्याच्या वडिलांच्या वेळी होते, आजोबांच्या वेळीही होते. इंग्लंडातल्या नेदरटन गावी आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष तेव्हा साखळदंडांच्या कारखान्यात कामाला. संध्याकाळी अंग धुऊन कुणी कबुतरं सोडायचा, कुणी कालव्यावर गळ टाकून बसायचा. आमच्या, म्हणजे हिंगलींच्या घरचे पुरुष कुत्र्यांपाशी बसायचे.

त्याच वर्षी डेसने एका गाभण कुत्रीला गाडीत घालून सकाळी दवाखान्यात नेलं, आणि दुपारी तो कपड्यांची टोपली घेऊन परत आला. टोपलीत टॉवेलाखाली काहीतरी वळवळत होतं. मागच्या सीटवर कुत्री, गुंगीत, जीभ बाहेर लोंबतेय, पोटावर टाक्यांची रांग.

"हे काय रे?" मी विचारलं.

"पिल्लं."

"पण ती व्याली कुठे?"

"बुलडॉग वीत नाही, मो. बुलडॉगचं सीझर करतात. डोकं बघ यांचं केवढं. खांदे बघ. बाहेर येणार कुठून?"

"मग पूर्वी, दवाखाना नव्हता तेव्हा कशी यायची?"

डेसने जरा विचार केला. "तेव्हा डोकी लहान असतील," म्हणाला आणि दूध कोमट करायला निघून गेला.

पुढे मीही त्यात मुरले. पिल्लं दवाखान्यातून यायची, जशी मिठाई दुकानातून यायची. गुंगी उतरली की आई डोळे उघडून बघायची, तर पोटाशी ही लालबुंद उंदरांसारखी पोरं. ही कुणाची, इथे कशाला आणली, असाच भाव तिच्या तोंडावर. एखादी गुरगुरायची, एखादी सरळ तोंड टाकायची. मग डेस तिचं डोकं मांडीवर दाबून धरायचा आणि मी एकेक पिल्लू आचळाला लावायचे. ती कुशीवर वळून त्यांना चिरडेल म्हणून डेस खोक्याशेजारी गादी टाकून झोपायचा. पिल्लांना ओल्या कापसाने पुसायचा, पोटं चोळून त्यांना मुतायला लावायचा, म्हणजे आईच्या जिभेचं सगळं काम तो करायचा. ज्या माणसाने आमच्या पोरीचा एक लंगोट कधी बदलला नाही, तो हे सगळं करायचा. मला राग यायचा आणि कौतुकही वाटायचं.

मेबल आमच्याकडे आली तोवर डेस निवृत्त झाला होता. अंगाने पांढरी, पाठीवर तांबूस चट्टे, एक कान कायम उलटा पडलेला. स्वयंपाकघरात बटाटा सोलायला घ्यावा, तर सालीसाठी नाही, अख्ख्या बटाट्यासाठी येऊन बसायची. चोरलेला बटाटा तोंडात धरून माझ्यासमोरून अशी चालत जायची, जणू तो तिने स्वतःच्या पैशाने आणलाय. घरात तिची आणि माझी फार दोस्ती.

तिला पहिल्यांदा गाभण ठेवली ती विल्फच्या कुत्र्याकडून. विल्फ ट्रोमन्स म्हणजे डेसचा शाळेपासूनचा मित्र, प्रदर्शनांतला भागीदार आणि बुलडॉगवाल्यांच्या क्लबातला मुख्य टोमणेबाज. त्याचा कुत्रा बक्षिसं मिळवलेला, डोकं म्हणाल तर घमेल्याएवढं. सगळं रीतीप्रमाणे झालं. फक्त मेबलच्या पोटात पिल्लू निघालं एकच. ते आत वाढत राहिलं. दिवस भरले, उलटले, तरी तिला कळा काही येईनात. सीझरची वेळ ठरवलेली होती, त्याच्या आदल्या सकाळी तिच्या मागून हिरवं पाणी गेलं, म्हणजे आत वार सुटायला लागली होती. डेसने ते पाहिलं आणि त्याच्या हातातला कपच खाली पडला.

दवाखान्यातल्या डॉक्टर प्रोबर्ट बाईंनी तिला घाईघाईने टेबलावर घेतलं. प्रोबर्ट बाई मूळच्या वेल्समधल्या. आवाज हळू, हात मोठे. त्यांनी पिल्लू जिवंत बाहेर काढलं, पोट शिवलं, आणि मग शुद्धीवर येताना मेबलच्या घशातली नळी काढली, तर तिची जीभ निळी पडली. बुलडॉगचा घसा म्हणजे आधीच अडगळीची खोली. आम्ही काचेबाहेर उभे. बाई ओरडल्या, परत नळी घातली, कुणीतरी तिची छाती दाबायला लागलं. डेसने माझा हात इतका आवळला की अंगठी बोटात रुतली. शेवटी जीभ गुलाबी झाली. बाई बाहेर आल्या आणि आमच्याशेजारी बाकावर धपकन बसल्या.

मेबल वाचली. पिल्लू मात्र नाही टिकलं. तिने त्याला जवळ घेतलंच नाही. त्याचा वास आला की उठून दुसऱ्या कोपऱ्यात जायची. डेस बाटलीने पाजत होता, छातीशी धरून ऊब देत होता, पण आठवड्याच्या आतच ते थंड झालं. डेसने त्याला मागच्या लायलकच्या झाडाखाली पुरलं आणि घरात येऊन म्हणाला, "संपलं. आता हिला परत नाही. कुणालाच नाही."

टाके काढायला गेलो तेव्हा त्याने हेच प्रोबर्ट बाईंना सांगितलं. बाईंनी मान हलवली. मग मेबलच्या पोटावरून हात फिरवत म्हणाल्या, "थांबणार असाल तर उत्तमच, डेस. पण हिच्यात काही खोट आहे म्हणून थांबू नका. पिल्लं आतून आईला सांगतात, आता आम्ही येतो. एकट्या पिल्लाचा आवाज पुरत नाही. ती बिचारी वाट बघत राहिली, ते वाढत राहिलं. हिची वाट अरुंद नाहीये. मी तपासलीय."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"बाप नीट निवडला, मधे एक माज जाऊ दिला, तर ही आपली आपण विऊ शकेल. शकेल म्हणतेय, वीलच असं नाही. आणि परत चाकू लावायची वेळ आली, तर त्यानंतर मात्र कायमचं बंद."

डेस हसला. "बुलडॉग आणि आपली आपण?"

"तुम्ही बुलडॉग कधीपासून पाळताय?"

"चालायला लागलो तेव्हापासून."

"आणि कुत्री विताना किती वेळा पाहिलीय?"

डेसने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. संध्याकाळी मी वाटाणे निवडत होते, तर समोर येऊन बसला आणि म्हणाला, "एकदाही नाही, मो. बाबांनीही पाहिली नसणार. एवढी पिल्लं या हातांवर वाढली, पण एक जन्माला येताना मी पाहिलेलं नाही. जन्म म्हणजे मला ऑपरेशनच्या दरवाज्यावरचा लाल दिवा, तेवढंच माहितीय."

तो विचार त्याच्या डोक्यातून गेला नाही. महिने गेले, मेबल पुन्हा पूर्वीसारखी बटाटे चोरायला लागली, माज एकदा येऊन गेला, आणि एक दिवस डेसनेच दवाखान्यात फोन करून विचारलं, "तो नीट बाप कुठे मिळतो?"

बाईंनी पत्ता दिला श्रॉपशरमधल्या क्ली टेकडीवरचा. हेस्टर गिटिन्स नावाची विधवा बाई तिथे मेंढ्या पाळते आणि बुलडॉगही. मेबल माजावर आली तशी आम्ही तिला घेऊन गेलो. फाटक उघडलं तर चढावरून एक कुत्रा धावत खाली येताना दिसला. धावत! आमच्याकडचे बुलडॉग दारातून फाटकापर्यंत जाऊन दम खायचे. हा आला, आमच्याभोवती दोन चकरा मारल्या, परत वर पळत गेला आणि परत आला.

डेसने माझ्या कानात विचारलं, "हा बुलडॉग आहे की बूट? नाक बघ केवढं."

हेस्टर बाईंनी ते ऐकलं. "त्या नाकाने तो श्वास घेतो," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडचे कशाने घेतात?"

मला एवढं हसू आलं की मी मेबलच्या पट्ट्याशी खाटखूट करत बसले.

बोसन त्याचं नाव. हेस्टर बाईंनी त्याच्या आईची, आजीची, बहिणींची नावं घेतली आणि प्रत्येकीपुढे सांगितलं, ही गोठ्यात व्याली, ही जिन्याखाली, ही माझ्या कोटावर. "चाकू लागलाच नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "एकीला लागला होता. ती माझ्या पायाशी म्हातारी होऊन मेली, पण तिच्या पोटचं मी पुढे काही वाढवलं नाही. जिला वाट नाही तिची पोरगी पुढे ठेवायची नाही, एवढाच माझा नियम."

"आमची मेबलही चिरलेली आहे," डेस हळूच म्हणाला.

"प्रोबर्ट बाईंनी सांगितलं मला. वाट असून अडली, ते वेगळं." त्यांनी मेबलच्या कमरेवर दोन्ही हात ठेवून दाबून पाहिलं. "चला, आता तुम्ही आत चहा प्यायला या."

"म्हणजे? धरायला नको का कुणी?"

"कुणाला धरायचंय तुम्हाला?"

डेसचं तोंड बघण्यासारखं झालं. आमच्याकडे तेही काम दवाखान्यातच व्हायचं, पिचकारीने. आम्ही आत चहा प्यायलो. खिडकीतून दिसत होतं. मेबल आधी लाजली, मग भांडली, मग त्याच्याबरोबर कुरणात गोलगोल पळायला लागली. मी तिला पळताना पहिल्यांदा बघत होते. डेस कपात बघत बसला होता, देवळात बसल्यासारखा.

क्लबात बातमी पसरायला वेळ लागला नाही. विल्फने सगळ्यांसमोर आवाज चढवला, "अरे, ऐकलंत का? डेसची कुत्री आपली आपण विणार आहे! नंतर तिला भाजी चिरायला शिकवणारे."

"तुझ्या बायकोपेक्षा बरी चिरेल," डेस म्हणाला.

"आणि ती लांबनाकी पोरं प्रदर्शनात आणशील, तेव्हा परीक्षक विचारतील, ट्रोमन्स, हा तुमचा मित्र बोकड घेऊन आलाय का?"

डेस हसला, पण घरी आला तो चेहरा पाडून. पोट वाढायला लागलं तसा त्याचा जीव थाऱ्यावर राहिना. एक्स-रे काढला. बाईंनी तो उजेडावर धरला आणि बोटाने दाखवलं, काळ्यावर पांढऱ्या, बारीक मण्यांच्या माळांसारख्या पाठी. पाच होत्या. बाईंनी पट्टीने डोकी मोजली, मेबलच्या कमरेचं हाड मोजलं आणि म्हणाल्या, "जमेल असं वाटतंय."

"आणि जुना टाका? जोर करताना पिशवी तिथेच फाटली तर?"

"टाका कुठे आहे ते मला माहीत आहे, मीच घातलाय. चांगला भरलाय, मधे वेळही दिलाय. तरी धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्या पिल्लाआधी हिरवं गेलं, किंवा जोरजोरात कुंथून अर्ध्या तासात काही आलं नाही, किंवा ती एकदम मलूल पडली, तर मला फोन करायचा आणि तडक निघायचं. टेबल तयार ठेवते. बाकी वेळ काहीही करायचं नाही."

"काहीही म्हणजे?"

"काहीही म्हणजे काहीही."

हेच डेसला जमणारं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. "मो, सीझरचं ठरवून टाकूया. निदान काय होणार ते ठाऊक असतं."

"ठाऊक आहेच. जीभ निळी होते."

"ती मेली तर?"

"तिच्या जिवाची भीती मलाही आहे," मी म्हटलं. "पण तुला आणखी एक भीती आहे. ती व्याली, तिनेच चाटली, तिनेच पाजली, तर तुला करायला काय उरणार, ही."

त्याने खुंटीवरचा पट्टा काढला. मेबलला घेऊन कालव्यावर फिरायला गेला. परत आल्यावर त्याने दवाखान्यात फोन काही केला नाही.

मे महिन्यातला रविवार होता तो. सकाळी मी बेकन परतत होते आणि मेबल आली नाही. बेकनला न येणारी मेबल! डेसने तिचा ताप पाहिला तर अंग नेहमीपेक्षा गार, म्हणजे वेळ जवळ आली होती. त्याने स्वयंपाकघरात तिच्यासाठी फळ्यांचं सुंदर खोकं केलं होतं, कडेला पिल्लं चिरडू नयेत म्हणून दांडा, खाली धुतलेल्या गोधड्या. मेबलने ते हुंगलं, त्यात एक पाय टाकला, आणि बाहेर निघून गेली. परसात धुण्याची जुनी खोली आहे, तिथे दगडी कुंडीखाली जुनी पोती पडलेली असतात. तिने ती पंजांनी ओरबाडून फाडली, गोल फिरली, पुन्हा फाडली आणि धापा टाकत बसली.

डेसने फोन लावला. मला बाईंचा आवाज ऐकू येत होता.

"कुंथतेय का?"

"नाही. थरथरतेय. पण घाणीत बसलीय, डॉक्टर! तिला आत आणतो."

"आणू नका. जागा तिने निवडलीय. मी शेतावर आहे, कांद्याच्या वाफ्यात, हात धुऊन निघतेच. डेस, तुमचे हात कुठे आहेत?"

"का?"

"खिशात घाला."

आम्ही दोघं धुण्याच्या खोलीत गेलो. डेस बादली पालथी घालून बसला. मी दाराशी. दारातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता, बरोबर पोत्यांपर्यंत. मेबलने आमच्याकडे पाहिलं. ती मदत मागत नव्हती. तुम्ही आहात का, ठीक आहे, असं नुसतं बघून घेतलं. मग तिची नजर आत वळली. दुसरं कसं सांगू? डोळे उघडे होते, पण बघत होती ती आत कुठेतरी.

तिच्या अंगातून एक लाट गेली. मानेपासून निघाली, पाठीवरून सरकत शेपटापर्यंत गेली. मग आणखी एक. डेसचे ओठ हलत होते. तिसऱ्या-चौथ्या लाटेला ती अर्धी उठली, मागे वाकली, आणि तिच्या मागे एक काळसर, चकचकीत फुगा दिसला. पाणमोटीत गुंडाळलेलं, पाण्यातल्या दगडासारखं काहीतरी. तो आला, आत गेला, परत आला.

"डोकं अडकलं," डेस कुजबुजला आणि त्याचा हात खिशातून बाहेर निघाला.

"थांब," मी म्हटलं.

मेबलने एकदा खोल श्वास घेतला आणि ते सगळंच्या सगळं सरकन पोत्यावर आलं. ती वळली. मला वाटलं, आता ही बघणार आणि उठून जाणार, मागच्या वेळेसारखी. तिने वास घेतला. मग समोरच्या दातांनी, बटाट्याचं साल सोलावं तितक्या अलगद, तिने ती पिशवी फाडली. नाक मोकळं केलं. त्या जाड, थुलथुलीत जिभेने त्याला असं चाटायला लागली की ते लोळत होतं. मग नाळ दाढेखाली धरून चावली, कचकच, आणि तोडली. पिल्लाने तोंड उघडलं आणि गंजलेल्या बिजागरीसारखा एक बारीक आवाज आला.

आणि मेबलने त्याला उत्तर दिलं! तिच्या गळ्यातून असा आवाज आला, जो आम्ही इतक्या वर्षांत एकाही बुलडॉगच्या तोंडून ऐकला नव्हता. ना भुंकणं, ना केकाटणं. हुंकारासारखा, अगदी खालचा. पिल्लू त्या आवाजाकडे वळलं. डोळे मिटलेले, ओलं, कुणी हात लावला नाही, कुणी दाखवलं नाही, तरी ते पोटाने सरपटत सरळ आचळापाशी गेलं आणि लागलं प्यायला. तिने एक मागचा पाय उचलून त्याला वाट करून दिली.

"मो," डेस म्हणाला. "तिला कुणी शिकवलं? तिची आई तर भुलीत होती. आजीही भुलीत होती. पणजीसुद्धा. मग हिला सांगितलं कुणी?"

इतक्या आया झोपेत चिरल्या गेल्या, एकीनेही आपलं पिल्लू येताना पाहिलं नाही, आणि तरी ते सगळं जसंच्या तसं तिच्यात शिल्लक होतं, कुणी न उघडलेल्या खोलीसारखं.

दुसरं पिल्लू उलटं आलं, मागचे पाय पुढे. दोन चिमुकले पंजे बाहेर लोंबले आणि पुढे काही सरकेना. मेबल उठून उभी राहिली. पोत्यावरून उतरली, भिंतीला ढुंगण टेकवलं, पाय रोवले आणि भिंतीवर रेटा देत असं कुंथली की ते सुटून तिच्या पायांत पडलं. भिंतीचा हा उपयोग तिला कसा सुचला? डेसने नुसतीच मान हलवली. त्याचे हात आता परत खिशात होते, कोपरापर्यंत घातल्यासारखे.

तिसरं येत होतं तेव्हा प्रोबर्ट बाई पोचल्या. बुटांना चिखल, डोक्याला रुमाल, एका हातात औषधांची बॅग आणि दुसऱ्या हातात, का कोण जाणे, कांद्याच्या पातीची जुडी. दारात उभ्या राहून त्यांनी एक नजर टाकली आणि बॅग न उघडताच खाली ठेवली. मग माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसल्या.

"तुम्ही तरी किती पाहिलीत अशी?" मी हळूच विचारलं.

"बुलडॉग? आपली आपण?" बाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "हाताच्या बोटांवर. मला बोलावतात ते चाकूसाठीच ना."

चौथं आलं ते निपचित. मेबलने पिशवी फाडली, नाळ तोडली, चाटलं, नाकाने उलटवलं, परत चाटलं. ते हललं नाही. इतक्यात तिला पुढची कळ आली आणि तिला त्याला सोडावं लागलं. डेसने बाईंकडे पाहिलं.

"आता काढा हात," बाई म्हणाल्या.

तो गुडघ्यांवर गेला, पिल्लू उचललं, डोकं खाली धरून तोंडातलं पाणी बोटाने काढलं, आणि टॉवेलात घेऊन चोळायला लागला. साखळ्या ओढून जाड झालेले ते हात, पण चोळत होते असे, की जरा जोर जास्त झाला तर ते विरघळेल. मेबल इकडे पाचव्याला जन्म देत होती आणि मधूनच मान वळवून डेसच्या हातांकडे बघत होती. गुरगुरली नाही. बाई उठून त्याच्यामागे उभ्या राहिल्या, पण त्यांनी हात पुढे केला नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही. एकदम त्या ओल्या गोळ्याने आचका दिला, मग एक शिंक, आणि मग तो बिजागरीचा आवाज.

डेसने ते पटकन मेबलच्या तोंडाशी ठेवलं आणि हात मागे घेतले. माणसाच्या हाताचा वास लागलेलं पिल्लू, घेईल का? मेबलने हुंगलं. मग त्याला पहिल्यापासून पुन्हा चाटून काढलं, डोक्यापासून शेपटापर्यंत, जणू डेसने केलेल्या कामावर तिचा विश्वास नव्हता. आणि नाकाने ढकलत ओळीत लावून दिलं.

पाच. पाचही पिऊ लागली. वार तिने खाऊन टाकली, पोती चाटून साफ केली. मग ती उठली, आमच्या मधून वाट काढत परसात गेली, गवतावर मुतली, आणि परत यायची घाई करत, धापा टाकत आली. पिल्लांच्या भोवती फिरून एकेकाला नाक लावलं. मग इतकी जपून खाली बसली, आधी पुढचे पाय, मग कुशीने घसरत, की एकाच्याही अंगावर तिचं वजन आलं नाही. ते बघून डेसला रडू आलं. इतक्या वर्षांची जागरणं त्याने याच एका गोष्टीसाठी केली होती, आई अंगावर पडू नये म्हणून.

बाईंनी तिचं पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या, म्हणाल्या, "छान आहे." आणि कांद्याची जुडी माझ्या हातात दिली. मी सगळ्यांना चहा केला आणि थंड झालेलं बेकन पावात घालून दिलं. आम्ही परसातच उभ्याने खाल्लं.

त्या रात्री डेस आमच्या पलंगावर झोपला. झोपला म्हणजे, दर थोड्या वेळाने उठून खिडकीतून धुण्याच्या खोलीकडे बघत होता. "जाऊ का?" विचारायचा. मी म्हणायचे, "कशाला?" आणि मग तो परत आडवा व्हायचा.

विल्फ दुसऱ्या दिवशी आला. पोत्यांपाशी उकिडवा बसला. मेबलने मान उचलून त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. "डोकी लहानच आहेत," एवढंच तो म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

नाकं लांब निघाली हे खरं. डेसने एकाला प्रदर्शनात नेलं, तर परीक्षकांनी त्याला शेवटचा नंबर दिला. क्लबात आठवडाभर बोकडाचे विनोद चालले. पण ते पिल्लू प्रदर्शनाच्या हॉलपासून बसस्टॉपपर्यंत एकदाही न थांबता चालत गेलं, हे डेस सगळ्यांना सांगत सुटला. चौघांना चांगली घरं मिळाली, एक कुत्री आम्ही ठेवली, नेल. मेबलला पुन्हा गाभण ठेवायला हरकत नाही असं प्रोबर्ट बाई म्हणाल्या होत्या. डेसच नको म्हणाला. "तिने जे करायचं होतं ते केलं," म्हणाला. पुढची तिची सगळी वर्षं उन्हात आणि बटाट्यांत गेली.

दोन वर्षांनी नेल व्याली, त्याच धुण्याच्या खोलीत, त्याच कुंडीखाली. त्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर फाटकाशी विल्फ उभा, आणि त्याच्यामागे क्लबातले आणखी तिघं, टोप्या घालून, बुजल्यासारखे. सगळे जन्मभर बुलडॉग पाळलेले. डेसच्या तोंडून बातमी फुटली असणार.

"आम्ही म्हटलं, जरा बघू," विल्फ म्हणाला. "म्हणजे, चालणार असेल तर."

मी चौघांकडे पाहिलं. "आत कुणी जायचं नाही. खिडकीबाहेरून. आणि तोंडं बंद."

त्यांनी माना डोलावल्या, शाळेतल्या पोरांसारख्या. मी चहा नेऊन दिला. परसात चार म्हातारे खिडकीशी दाटीवाटीने उभे होते, हातात कप, आणि एकानेही घोट घेतलेला नव्हता. काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरत होती. विल्फ ती बाहीने पुसत होता, बघत होता, आणि परत पुसत होता.